चमचा चाटणारी मुलं

'ती घटना आजही आठवते' असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची खोड आहे. खरं सांगायचं तर बहुतेक घटना आम्हाला आठवत नाहीत. जुने कागद चाळून जुळवाव्या लागतात. ही मात्र कागद न काढता आठवते, आणि आठवली की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. यात खून नाही, दरोडा नाही, पाठलाग तर नाहीच. नावं कुणाचीही देत नाही. जी माणसं गेली त्यांना त्याची गरज नाही, आणि जी असतील त्यांनी पुरेसं सोसलं आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. मी अंबरनाथला फौजदार होतो. शेजारी उल्हासनगरच्या लष्करी बराकींत सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबं गोणपाटाचे आडोसे करून राहत होती. दुसऱ्या बाजूला बदलापूर आणि त्यापलीकडे बारवी नदीच्या अंगाच्या डोंगरातल्या ठाकर आदिवासींच्या वाड्या. रोजचं काम म्हणजे सायकलचोरी, हातभट्टी आणि बराकीतल्या नळावरची भांडणं. नळावरच्या भांडणात दोन्ही बाजूंच्या बायका एकाच वेळी जबाब देत, आणि आमचा हवालदार पेन खाली ठेवून दोघींना पाणी पाजत बसे.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, एक डॉक्टरबाई चौकीत आल्या. मुंबईच्या. एका धर्मादाय संस्थेतर्फे त्या दर आठवड्याला गरिबांची डोळेतपासणी करायला येत. संस्थेचं एक केंद्र बदलापुरात, मांजर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जुन्या गोदामात होतं. तिथे मुलांना आधी एक चमचा मुशीचं तेल आणि मग भुकटीचं दूध देत. मुशी म्हणजे शार्क. तिच्या यकृताच्या तेलानं रातांधळेपणा जातो, डोळे वाचतात. त्या काळी गरिबाच्या पोराला एवढं स्वस्त औषध दुसरं नव्हतं.

"फौजदारसाहेब, तक्रार चोरीची आहे," बाई म्हणाल्या. "पण चोर कोण ते ठाऊक नाही, आणि चोरी झाली का तेही नक्की नाही."

असली फिर्याद मी जन्मात ऐकली नव्हती. मी त्यांना बसायला सांगितलं.

त्यांनी सांगितलं ते असं. वाडीतली एक ठाकरांची मुलगी, चार-पाच वर्षांची. आई रोज मोळी विकायला बदलापूरच्या बाजारात उतरायची आणि मुलीला केंद्रात न्यायची. मुलगी दिवेलागणीला अडखळते म्हणून बाईंनी आईला बजावलं होतं, केंद्रातून दुप्पट तेल घे. आईनं तसं केलं. पुढच्या खेपेला बाईंनी पाहिलं तर मुलीच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ विरघळून गेलेलं.

"तेल पोटात गेलं असतं तर हे होणं शक्य नाही," बाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या होत्या. "डावा अजून शाबूत आहे. तोही कोरडा पडलाय. मी मुंबईहून तेलाची बाटली मागवली आहे, आज संध्याकाळपर्यंत येईल. पण केंद्रात जाऊन मी प्रश्न विचारले तर उद्या सगळे डबे बदललेले असतील. म्हणून आधी तुमच्याकडे आले."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत बदलापूरला गेलो.

गोदामासमोर मुलांची रांग होती. चुलाण्यावर मोठं पातेलं, त्यात नाचणीचं पीठ घातलेलं दाट दूध. पातेलं ढवळत उभा होता तो केंद्रचालक. बराकीत राहणारा सिंधी गृहस्थ, पन्नाशीचा, धुतलेला पांढरा सदरा, सगळे त्याला दादा म्हणत. एक बाई मुलांना तेलाचा चमचा देत होती. मुलं आ करत, चमचा तोंडात घेत, आणि मग चाटून पुसून परत देत. एका पोरीनं तर आणखी मागितलं.

मी समुद्राकाठच्या गावचा. आमच्याकडे होड्यांना मुशीचं तेल चोपडतात. तो वास नाकात बसला की दोन दिवस अन्नाची इच्छा होत नाही. मुशीचं तेल पिऊन चमचा चाटणारं मूल अजून जन्माला यायचं आहे. मी पुढे झालो, बाईच्या हातून चमचा घेतला आणि तोंडात घातला. शेंगदाण्याचं तेल होतं. वर गूळ.

दोन पंच बोलावले, डबे ताब्यात घेतले, लाखेचं सील लावलं. दादाला सांगितलं, चौकीवर चला. त्यानं नकार दिला नाही, कारणही विचारलं नाही. चमचेवाल्या बाईला एवढंच म्हणाला, "बहेन, ढवळत राहा. खाली लागेल."

हे वाक्य मला तेव्हाच खटकलं होतं. अफरातफर करणारा माणूस पकडला गेला की त्याची नजर पोलिसाच्या हाताकडे तरी असते किंवा दाराकडे. याची पातेल्याकडे होती.

बराकीतल्या त्याच्या खोलीची झडती घेतली. एक खाट, एक पाण्याचं मडकं, भिंतीला एक लहान फ्रॉक खिळ्याला टांगलेला. आमचा हवालदार साताऱ्याकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "साहेब, या घरात चोर शिरला तर तोच काहीतरी ठेवून जाईल."

चौकशी सुरू झाली. तेल कुठे गेलं? कुणाला विकलं? पैसे कुठे आहेत? त्यावर तो कडवट हसला. मधूनच विचारायचा, "साहेब, उद्या दूध कोण देणार?" दुसरं काही नाही. हवालदाराचे हात शिवशिवत होते. "माझ्या ताब्यात द्या, साहेब. पोपटासारखा बोलतो की नाही बघा." मी नको म्हणालो. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. मार खाऊन माणूस बोलतो ते बहुतेक वेळा आपल्याला ऐकायचं असतं ते, आणि मला यातलं काय ऐकायचं आहे हेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई त्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन आल्या. मुंबईची बाटली आली होती, रात्रीच पहिला डोस दिला होता, आणि आता मुलीला कल्याणच्या दवाखान्यात न्यायचं होतं. वाटेत आईचा जबाब नोंदवून घ्यावा म्हणून मीच त्यांना चौकीवर यायला सांगितलं होतं.

आई बाकावर न बसता जमिनीवर बसली. "सायेब, तेल देत होते रोजचा. मी सोता पाहिला. पोरगी आवडीनं पीत होती."

मुलगी तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा उजेडाला मिटलेला. तेवढ्यात आतल्या कोठडीतून दादानं पाणी मागितलं. मुलीनं मान वळवली. उठली, भिंतीला हात लावत लावत गजांपर्यंत गेली, आणि तिथे उभी राहून तिनं तोंड उघडलं. रांगेत उघडायची तसं. चमच्यासाठी.

मी नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण ते उघडलेलं तोंड मला बघवलं नाही.

दादा गज धरून खाली बसला. तिच्या पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ये मेरे केंद्र की है?" आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

त्यानंतर त्याला काही विचारावं लागलं नाही. सगळं आपणहून सांगत गेला, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

उल्हासनगरच्या कॅम्पात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याची मुलगी गेली होती. पोटात काही ठरत नव्हतं. पाणी दिलं तरी ओकायची. तिला मांडीवर घेऊन तो बसून राहिला आणि ती तशीच गेली. पुढे संस्थेनं त्याला केंद्रावर नेमलं. तिथे नियम होता, आधी तेल, मग दूध. वाडीची पोरं तेल घेत आणि दुसऱ्या मिनिटाला ओकत. वरून प्यायलेलं दूधही जाई. मग आया पोरांना आणेनाशा झाल्या. रांग आटली.

"साहेब, बच्चा ओकायला लागला की माझे हातपाय गळतात," तो म्हणाला. "मी बोललो, तेल गेलं चुलीत. पोट भरलं तर बाकी सगळं होतं. भुकेनं मरतो माणूस, डोळ्यानं कोण मरतो?"

म्हणून त्यानं तेल थांबवलं. कल्याणच्या खाडीवर गवत वाहणारा एक होडीवाला होता, त्याला होडीला चोपडायला तेल हवं होतं. दादानं त्याला डबे दिले आणि बदल्यात गूळ, नाचणी आणि शेंगदाण्याचं तेल घेतलं. वरच्यांची तपासणी झाली तर चमचा रिकामा दिसू नये म्हणून शेंगदाण्याचं तेल. गूळ-नाचणी पातेल्यात, चिमूटभर गूळ चमच्यातही. स्वतःच्या घरी त्यानं गुळाचा खडाही नेला नव्हता. पोरं बाळसं धरायला लागली, रांग पुन्हा लांबली. गावात लोक म्हणत, असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

"दूध तर मी दिलं ना?" त्यानं डॉक्टरबाईंकडे बघून विचारलं. "पोटभर दिलं. पोरं जाडी झाली, तुम्हीच बोलला होता."

बाईंनी गप्प राहायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण त्या रात्रभर जागलेल्या होत्या. "तुमच्या भुकटीत साय नसते," त्या म्हणाल्या. "साय नाही म्हणजे डोळ्याला लागतं ते सत्त्व नाही. अशा दुधानं मूल भराभर वाढतं, आणि वाढताना अंगात उरलंसुरलं ते सत्त्व खर्च होतं. म्हणून आधी तेल, मग दूध. नुसतं दूध दिलंत म्हणून तिचा डोळा लवकर गेला."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग गजांपासून मागे सरकला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. हवालदारानं संध्याकाळी स्वतःच्या पैशांनी चहा आणून त्याच्यासमोर ठेवला. चहा तसाच निवला.

खाडीवर जाऊन होडीवाल्याकडून रिकामे डबे जप्त केले. होडीच्या तळाला तेलाचे थर होते. मुलांच्या वाट्याचं तेल लाकडात जिरलेलं. पंचनामा करताना तोच वास नाकात बसला. डॉक्टरबाईंनी बाटल्या घेऊन वाड्यांवर फिरायला सुरुवात केली आणि ज्या मुलांचे डोळे कोरडे पडले होते त्यांना वेळेवर तेल मिळालं. त्या मुलीचा डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच.

विश्वासघात आणि अपहाराचा गुन्हा शाबीत झाला. दादानं वकील घेतला नाही, गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी शिक्षा सौम्य दिली, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "कमी आहे, साहेब." कोर्टात असं म्हणणारा आरोपी मी दुसरा पाहिला नाही.

खटला उभा राहताच संस्थेच्या विश्वस्तांनी केंद्राला कुलूप लावलं. दूधभुकटीची पोती मुंबईला परत गेली. मी एका विश्वस्तांना भेटून विनंती केली की माणूस बदला, केंद्र बंद करू नका. आता तर तेलाचं महत्त्व सगळ्यांना पटलं आहे. ते म्हणाले, नाव खराब झालं आहे, देणगीदार विचारतात, जरा वातावरण निवळू द्या. डॉक्टरबाईही त्यांच्याशी भांडल्या आणि शेवटी त्यांचं येणंही थांबलं. माझी बदली होईपर्यंत ते कुलूप तसंच होतं.

शिक्षा लागल्यानंतर काही दिवसांनी मुलीची आई चौकीवर आली. मोळी बाहेर टेकवून दारात उभी राहिली. मुलगी बरोबर होती.

"सायेब, दादाला कदी सोडनार?"

मला वाटलं, तिला कळलेलं नाही. मी समजावून सांगितलं की त्याच्यामुळेच पोरीचा डोळा गेला, म्हणून त्याला शिक्षा झाली.

"ता ठावं हाय माना," ती म्हणाली. "डोला गेला तो गेला. पन माजी दुसरी दोन पोरां हायेत. वाडीची सगली पोरां हायेत. पावसात कामधंदा नसतो. त्यांना दूध कोन देल?"

मी म्हणालो, "बाई, ते आता माझ्या हातात नाही. कोर्टानं निकाल दिलाय."

"कोरट दूध देतंय का?"

मी 'बघतो' म्हणालो. पोलिसाच्या तोंडी 'बघतो' म्हणजे नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं मोळी डोक्यावर घेतली, पोरीचा हात धरला आणि गेली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. एक हे शिकवलं, की ज्या माणसाच्या डोक्यात फायद्याचा विचारच नाही त्याच्याकडून होणारं नुकसान सगळ्यात उशिरा लक्षात येतं, कारण तोवर आपण त्याचं कौतुक करत असतो. दुसरं असं, की गुन्हेगाराला आत घालायला सरकारनं आम्हाला नेमलं आहे. तो जे चांगलं करत होता ते पुढे कोण करणार, हे बघायला कुणालाच नेमलेलं नाही. आरोपी तुरुंगात, मुद्देमाल कोर्टात, कागद फायलीत. आमचं काम चोख झालं होतं. वरिष्ठांनी शाबासकी दिली, ती मी मान खाली घालून घेतली.

त्या पावसाळ्यात उल्हास नदी फुगली आणि वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा बंद झाल्या. श्रावणात वाटा उघडल्यावर कानावर आलं की वरच्या वाड्यांतली काही पोरं गेली. त्या मोळीवाल्या आईची दुसरी दोन्ही त्यात होती. कुणी ताप म्हणालं, कुणी हगवण. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बुडून, जळून किंवा साप चावून माणूस मेला तर अकस्मात मृत्यूची नोंद करावी लागते. उपाशी पोर मेलं तर करावी लागत नाही. त्या महिन्यातल्या माझ्या डायरीत माझ्याच अक्षरात रोज एकच ओळ आहे: हद्दीत सर्वत्र शांतता.