आप्पांची मूठ

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडीनं आप्पांना फरफटत नेलं, तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते आणि मला तिसरा महिना होता. आप्पा म्हणजे माझे वडील. ऊस आणि पपई पोटापाण्यासाठी, घोडा मात्र नुसत्या हौसेचा. दर वर्षी यात्रेत जायचं, चार घोड्या बघायच्या, काहीही न घेता परत यायचं. त्या दिवशी एका व्यापाऱ्यानं घोडीचा दोर त्यांच्या हातात दिला. मागे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, घोडी बिथरली आणि सुटली. लोक ओरडत होते की दोर सोडा. आप्पांनी सोडला नाही. घोडीला अडवलं तेव्हा ते धुळीत पालथे पडले होते, खांदा उतरला होता आणि दोर अजून मुठीत होता. मी खाली बसले. त्यांची बोटं एकेक करून, फार सावकाश उघडत होती.

"आप्पा, सोडला का नाही?"

"सुटेच ना," ते हळू म्हणाले.

जमलेले लोक त्यांना हट्टी म्हणाले. घरी आईही तेच म्हणाली. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं.

पण मी शहाद्याजवळच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.ला असताना माझं काम फळमाशीवर होतं, पिकल्या केळ्याभोवती घोंघावते त्या बारक्या माशीवर. तिच्या अंगात मसलब्लाइंड नावाचं एक प्रथिन असतं. ते नसेल तर माशीचे स्नायू नीट घडत नाहीत. माणसात या प्रथिनाची तीन भावंडं आहेत. पेशीत जनुकाची नक्कल म्हणून आरएनए तयार होतो, मग त्याची काटछाट आणि जोडणी होते. कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला गाळायचा, हे ठरवण्यात या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. गर्भात एक जोडणी चालते, जन्मानंतर दुसरी. शरीराला बाळपणातून मोठेपणात आणणारं हे काम आहे. काही घराण्यांत एका जनुकातला छोटासा मजकूर पुन्हा पुन्हा लिहिला जातो, त्याचा आरएनए लांबतो आणि या प्रथिनांना स्वतःत अडकवून ठेवतो. मग मोठ्या माणसाच्या स्नायूत, हृदयात पुन्हा गर्भातली जोडणी सुरू होते. मूठ आवळली की लवकर उघडत नाही. कमी वयात मोतीबिंदू होतो. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चाळिशीतच झालं होतं.

हे सगळं मला त्या धुळीत बसल्याबसल्या आठवलं. पुढची ओळही आठवली. हा मजकूर पिढीगणिक वाढतो आणि आईकडून बाळात गेला तर कधी कधी इतका वाढतो की बाळाला जन्मल्यावर श्वासही धड घेता येत नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून मूठ आवळायची, उघडायची. कधी वाटायचं झटकन उघडली, कधी वाटायचं करंगळी मागे राहिली. कॉलेजात फळ्यावर लिहिताना खडू खाली पडला, तर उरलेला तास मी बसून शिकवायची. नवऱ्यानं दोनदा विचारलं की चेहरा असा का. मी उलट्यांचं कारण सांगितलं.

खांदा बसवणाऱ्या डॉक्टरांनी आप्पांना सुरतेच्या नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी सोबत गेले. डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं आप्पांच्या अंगठ्याच्या बुडाशी टिचकी मारली. अंगठा आत ओढला गेला आणि तिथेच थांबला. खोलीतले आम्ही तिघंही त्या अंगठ्याकडे बघत होतो. तो परत जागेवर यायला किती वेळ लागला सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला. मग डॉक्टरांनी रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला आणि घरात अजून कोण कोण आहे ते विचारलं. मी एकुलती एक, आणि गरोदर, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. माझंही रक्त घेतलं. माझ्यात हे येण्याची शक्यता अर्धी, असं ते म्हणाले. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते.

परतीच्या वाटेवर नवापूरला चहाला थांबलो. आप्पा कपाकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "माले माहीत व्हतं. मन्हा बापना हात बी असाच व्हता. बैलनी वेसण धरी का सुटेच ना."

मी विचारलं की मग इतकी वर्षं बोलला का नाहीत.

"तुन्हं लगीन व्हवाले पायजे व्हतं, बेटा. म्हणून बोलनू नही."

मला त्यांचा राग आला, पण तो टिकला नाही. भीतीच इतकी होती की दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मग त्यानं माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि मूठ आवळायला सांगितली. मी आवळली नाही. त्याच्यासमोर ती अडकली असती तर मला ते सोसलं नसतं.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते नीट आठवत नाही. फोन वाजला की मी आधी नंबर बघायची. बाळाचं काय करायचं हा प्रश्न आम्ही दोघांनीही तोंडातून काढला नाही, पण जेवताना तो ताटाशेजारीच असायचा.

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात होते. आप्पांना तो आजार होता. मला नव्हता. डॉक्टरांना मी तीनदा विचारलं. माझ्यात नाही, म्हणजे बाळातही माझ्याकडून जाणार नाही, असं त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं. मी पायरीवर बसून रडले. मुली वर्गात जाताना बाजूनं निघून गेल्या.

घरी सांगितलं तेव्हा आईनं देवापुढे दिवा लावला. आप्पा ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं मला हाक मारून म्हणाले की तळोद्याला जायचं आहे. तळोद्याला त्यांची धाकटी बहीण राहते, आणि आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

आत्यानं चहा ठेवला, आमच्या बाळाबद्दल विचारलं. आप्पांनी घरातल्या माणसासारखं सरळ सांगून टाकलं, की बाबांच्या हाताला जे होतं तेच मला आहे, तुला असू शकतं, पोरीलाही. आत्याचा उजवा हात पदराखाली गेला, ते मी पाहिलं.

"भाऊ, आते काबर सांगी ऱ्हायना?" आताच का, असं तिनं विचारलं. "पंधरा दिनवर लगीन शे."

मी हृदयाच्या तपासणीचं समजावू लागले, तर तिनं मला थांबवलं. चहा तसाच राहिला.

आत्यानंच मुलाकडच्यांना सांगितलं, न लपवता. लग्न मोडलं. तिनं आमच्याशी बोलणं बंद केलं. मला मुलगी झाली, बारसं झालं, तळोद्याहून कुणी आलं नाही. आप्पांच्या हृदयाचे ठोके मंदावत होते म्हणून छातीत यंत्र बसवलं, तेव्हाही नाही. मी सुटले होते, आणि आत्याच्या ज्या मुलीसोबत लहानपणी पपईच्या बागेत खेळले तिला अडकवून आले होते, असं मला वाटत राहिलं. तिला आजार आहे की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तळोद्याच्या डॉक्टरांनी आलेख काढून सुरतेला जा म्हटलं. आत्यानंच तिला माझा नंबर दिला होता, असं ती म्हणाली, आणि मग भीत भीत विचारलं.

"ताई, माले भ्याव वाटी ऱ्हायना. तू येशी का?"

मी विचारलं कधी. ती म्हणाली, सोमवारी. मी मुलीला आईकडे ठेवायचं ठरवलं आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.