दार नसलेल्या स्टेशनातली आत्या

आयर्लंडमध्ये एक स्टेशन असं आहे, की त्यातून बाहेर पडायला दारच नाही. मनुला जंक्शन. एका गाडीतून उतरायचं, समोरच्या गाडीत बसायचं, संपलं! रस्ता नाही, गाव नाही, चहाची तर बातच नको. तिथं मी एक अख्खी दुपार काढली आहे.

मनुल्याहून गाडी बदलून जायच्या बालिना गावाला माझ्या धाकट्या भावाच्या, सुहासच्या मुलाचं बारसं होतं. नववीत शाळा सुटल्यापासून मला कुणी महत्त्वाचं काम सांगत नाही (सांगितलं तर मागाहून तपासून घेतात). पण बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं, आणि त्याला पदवी लागत नाही! सुहासनं देशाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या सँट्रीच्या घरी मुद्दाम फोन केला, "ताई, तू आल्याशिवाय पाळणा हलणार नाही." मी एवढी भारावले, की धास्तीनं डोळ्याला डोळा लागला नाही.

मनुला आलं तेव्हा अंग नुसतं आंबून गेलं होतं. पण आमच्या घरची रीत अशी, की एकानं पुढं पळून जागा धरायची. पैठणी सावरत मी पळाले. समोर दोन डब्यांची गाडी उभी. एका सीटवर घुगऱ्यांचा डबा ठेवला, दुसऱ्यावर बाळाची कुंची, तिसऱ्यावर शाल. मग मान वर केली. डब्यात चिटपाखरू नाही! (रिकाम्या गाडीत जागा धरणारी त्या मुलखातली मी पहिलीच बाई असेन.)

आणि आमचे हे? अजून पहिल्या गाडीच्या दारात, उतरणाऱ्या आजीबाईंना "आफ्टर यू" करत उभे! मी खाली उतरून ओरडले,

"अहो, या ना! तीन जागा धरल्यात!"

"दोघांना तीन? आणि तू खाली कशाला उतरलीस?"

मागं पिपीपी वाजलं. दारं मिटली. मी बटण दाबलं, बडवलं, हात जोडले. आमच्या तिन्ही जागा, मघाशीच चढलेल्या त्या आजीबाईंसकट, आरामात बालिन्याला निघून गेल्या. पुढची गाडी थेट संध्याकाळी!

थोड्या वेळानं ह्यांच्या मोबाइलवर सुहासचा फोन.

"ताई, सामान पोचलं. स्टेशनवर एका आजीबाईंनी मला आणून दिलं, सगळं ग्रँड, म्हणजे ठीकठाक आहे म्हणाल्या. तू कुठंयस?"

"मनुल्यातच आहे रे."

"बाहेर येऊन थांब, कार घेऊन येतो."

"अरे, इथं बाहेर नाहीच आहे!"

तेवढ्यात आईनं फोन हिसकावला. "आगं बया! पावणी उपाशी बसल्याती की! शेजारची म्हनतीया, आत्या न्हाई तर मीच सांगते नाव!"

आयुष्यात एक काम माझ्या वाट्याला आलं होतं, तेही आता शेजारीण नेणार!

"नाही! मीच सांगणार! फोन लाव बाळाच्या कानाला!"

मी पदर डोक्यावर घेतला आणि हळुवार म्हटलं, "कुर्रर्र..."

"काहीच ऐकू येईना, ताई. वारा केवढाय! मोठ्यानं बोल."

"कुर्रर्र!"

"अजून!"

"कुर्रर्रर्र! ईशान! ई-शा-न!!"

कुंपणापलीकडच्या गाईंनी चरणं थांबवून वर पाहिलं. हे हळूहळू सरकत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले, आमची ओळखच नसल्यासारखे. फोनमधून टाळ्या ऐकू आल्या आणि माझे डोळे भरून आले.

"सुहास, हसलं का रे बाळ?"

"नाही गं... ते मघाशीच झोपलं. पण बाकी सगळ्यांना कळलं!"

कानात कुजबुजायचं नाव मी गाईगुरांसकट सगळ्या पंचक्रोशीला ओरडून सांगितलं. ज्याचं होतं, तेवढा एकच ऐकायचा राहिला.