सौसरहून येणाऱ्या गोळ्या

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. नागपूरच्या दवाखान्यात पंचवीस हजार रुपये जमा करायचे होते. हजर होतो तिघे: मी, माझी बायको आणि सौसरला राहणारा तिचा धाकटा भाऊ.

डॉक्टरांनी बायकोच्या पायाचं काळं पडलेलं बोट दाखवलं. "हे काढावं लागेल. शुगर अशीच राहिली तर पुढे पाऊलही."

शुगरच्या गोळ्या आम्ही आमच्या गावात, पांढुर्ण्यातच घेत होतो, घरात कधी संपू दिल्या नव्हत्या. मग शुगर चारशेवर कशी?

"आणखी काही औषध चालू आहे?"

बायकोनं तोंड खिडकीकडे वळवलं. साळा बोलला, "आहे जी. मनाच्या गोळ्या. मी सौसरहून आणून देतो. कापसाची वेचणी लागली, दसऱ्यापासून येणं झालं नाही. ताई फोनवर म्हणे, आहेत अजून."

मनाच्या गोळ्या पांढुर्ण्यात का घेत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडाशी असलेलं औषधाचं दुकान आमच्या मुलीसाठी पाहिलेल्या मुलाच्या मामाचं. "पोरीचं जमून राहिलं," बायको म्हणायची, "तिथं चिठ्ठी दाखवली तर सांजेपर्यंत त्यांच्या घरी पोचते."

डॉक्टर म्हणाले, "त्या गोळ्या सुटल्या, मग यांचं उठणं, जेवणं, शुगरचं औषध, सगळंच सुटलं. पाय वाचवायचा तर दोन्ही औषधं रोज पाहिजेत."

बोट गेलं. आठव्या दिवशी दुपारी घरी आलो. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या सकाळीच संपल्या होत्या.

"मी उद्या सौसरहून पाठवतो," साळा म्हणाला.

"उद्याच पाठव," बायको म्हणाली.

"अन् आजची?" मी विचारलं. मी दोन्ही औषधांच्या चिठ्ठ्या उचलल्या आणि गल्लीच्या तोंडाशी गेलो.

मामा दुसऱ्या चिठ्ठीवर थांबला. "हे कोणासाठी, भाऊ?"

"तुमच्या होणाऱ्या विहीणबाईंसाठी."

"आतापर्यंत कुठून घेत होते?"

"सौसरहून."

"एवढ्या दुरून? माझं दुकान दिसत नव्हतं का तुम्हाले?"

"दिसत होतं म्हणूनच."

तो हसला नाही. मोबाइल हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत खाली ठेवला. मग गोळ्यांचे पत्ते मोजू लागला. "महिन्याच्या देऊ?"

"द्या. पुढच्या महिन्यातही इथूनच नेईन."

दवाखान्याला शेवटी बत्तीस हजार सहाशे गेले. मामाला अकराशे ऐंशी दिले, रोख.