दुपारचा ओढा

ओट्यावर तराजू दिसला तेव्हाच ज्योत्स्नाच्या लक्षात आलं की नवऱ्याची तयारी पुन्हा सुरू झाली. तिनं दूध तापत ठेवलं आणि पाकिटं मोजली. भाजलेलं डाळीचं पीठ, तिखट, मीठ, सुकवलेला कांदा. वरून उकळतं पाणी ओतलं की पिठलं. चोवीस पाकिटं होती. बारा दिवस, रोजची दोन, म्हणजे बरोबर. मग तिनं एक पाकीट उलटं केलं. त्यावर मार्करनं ‘कुं’ लिहिलेलं होतं. तिनं सगळीच उलटी केली. बारांवर ‘बु’, बारांवर ‘कुं’.

“ही कुणाला?”

बुद्धघोष खाली बसून सायकलचे ब्रेक सोडवत होता. “सवय. हात आपोआप लिहितो.”

“दोन वर्षं झाली.”

“माहीत आहे.”

तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. त्याचा दोस्त कुंडलिक त्याच खात्यात लेथवर. दोघांनी पुण्याहून जुन्या माउंटन बाइक आणल्या आणि दर रविवारी इंदापूरच्या माळरानांवर, ओघळींमधून पडत-झडत चालवायला शिकले. सासरे कचरूआबा म्हणायचे, “आमी सायकल सोडली तवा कुठं घरात गाडी आली. आन् ही दोघं सायकल घिऊन चढ हुडकत फिरत्यात.”

पण ती नुसती हौस राहिली नव्हती. कुठल्या मुक्कामाची उंची आदल्या दिवसापेक्षा किती जास्त असावी, थंडीत टायरमध्ये हवा किती ठेवायची, प्यायला पाणी कुठं मिळेल, हे सगळं बुद्धघोष शाळेच्या वहीत रकाने आखून लिहायचा. कुंडलिक वही वाचायचाच नाही. “तू लिहिलंयस न्हवं, मग झालं,” म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी ते हिमाचलातल्या स्पितीला गेले. झाड नसलेले डोंगर, दगड आणि धूळ, वर बर्फ. नवव्या दिवशी कुंडलिक ओढ्यात वाहून गेला. सायकल सात किलोमीटर खाली सापडली. तो सापडला नाही.

बुद्धघोषनं तिथल्या चौकीत सांगितलं, इंदापुरात सांगितलं, कुंडलिकच्या आईला, रंगूबाईला सांगितलं, “मी नको म्हणालो होतो. त्यानं ऐकलं नाही.” सगळ्यांना ते पटलं. कुंडलिक होताच उतावळा.

दूध वर आलं. ज्योत्स्नानं गॅस बारीक केला आणि फ्रिजवरची नवी वही उघडली. तोच रस्ता, तेच मुक्काम. नवव्या दिवसापुढं लिहिलं होतं : ओढा. दुपारी चार.

“सकाळी का नाही?”

“बघायचंय.”

“काय?”

“किती पाणी असतं ते.”

तो मान वर न करता बोलला. ज्योत्स्ना सरकारी दवाखान्यात नर्स होती. न बघता उत्तर देणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. तिनं वही मिटली. “गुरुवारी निघायचंय ना? मग त्याआधी रविवारी रंगूबाईंच्या पाया पडून येऊ. ते सांगून आल्यापासून तुम्ही त्यांच्या दारात गेला नाहीत.”

“जाऊ,” तो म्हणाला.

कुंडलिकचं घर बारामतीच्या रस्त्याला, कालव्यालगत. घरी रंगूबाईची थोरली सून होती. तिनं हातानंच पलीकडं दाखवलं. “कालव्याला पाळी सुटलीया. पानी आलं की म्हातारी घरात थांबत न्हाई.”

शेतांसाठी सोडलेल्या पाण्यानं कालवा काठोकाठ चालला होता. रंगूबाई काठावर पाय सोडून बसली होती आणि पाण्याशी बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, जेवायला उशीर केलेल्या पोराला बोलावं तसा होता. “किती येळा सांगायचं. कुनाचं ऐकायचंच न्हाई म्हंजी काय. गडी नको म्हनत व्हता न्हवं.”

बुद्धघोष तिच्या मागं उभा राहिला. तिनं वळून पाहिलं.

“ये रं फिटर. बस. तुला तरी काय म्हनायचं. तू सांगितलं व्हतंस.”

तो बसला.

“मावशी, मी नको म्हणालो नव्हतो.”

ज्योत्स्ना बाभळीखाली उभी होती, ती तिथंच थांबली.

“सकाळी आम्ही तोच ओढा ओलांडला होता. घोटाभर पाणी. तसंच वहीत लिहिलं मी. चार वाजता परत आलो तर पाणी गढूळ दिसलं. त्यानं विचारलं, वाढलंय का रं. मी म्हणालो, पाळी सुटल्याबिगर पाणी वाढतंय व्हय. जा बिनघोर.”

तिथं दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतं, दुपारी ओढे फुगतात, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. ही दोघं कालव्याकाठची. इथं कालव्यावरचा पाटकरी सांगून जातो, मग दार उघडतं, मग पाणी येतं. सकाळचं पाणी संध्याकाळीही तेवढंच असतं.

पाण्यावरून उसाचं पाचट वाहत आलं. ते लांब जाईपर्यंत रंगूबाईची नजर त्याच्यामागं गेली.

“म्हंजी त्यानं ऐकलं.”

“व्हय.”

“तुजं ऐकलं.”

“व्हय मावशी.”

“आन् मी दोन वर्सं त्यालाच बोलतीया.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. तोंडावर काही नव्हतं.

“मी परत चाललोय तिथं,” बुद्धघोष म्हणाला. “गुरुवारी.”

“कशाला?”

ज्योत्स्ना पुढं आली. “दुपारी चारला ओढ्यात उतरायला,” ती म्हणाली. ते तिनं स्वतःशीसुद्धा आजवर म्हटलं नव्हतं. त्यानं नाकारलं नाही.

रंगूबाईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग हातानं शेजारची जागा झाडली.

“तितं जाऊन कुनाला सांगशील? हितं बस रोज. पाळी हाय तवर. मी जेवढं बोलले तेवढं तू बोल त्याच्यासंगं. ‘तू ऐकलं व्हतंस’ म्हनून सांग त्याला.”

गुरुवारी बुद्धघोषची गाडी त्याच्याशिवाय गेली. घेतलेली रजा कालव्यावर जाऊ लागली. सायकल भिंतीला तशीच टांगलेली होती, वहीतला नववा दिवस खोडलेला नव्हता. कालव्यावर तो काय बोलतो हे ज्योत्स्नानं विचारलं नाही. त्या गुरुवारपासून ती डबा देत होती. पहिल्या दिवशी तिनं ‘कुं’ लिहिलेलं पाकीट फोडलं, उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावून पाच मिनिटं थांबली. भाकरी तिघांच्या पुरत्या का टाकल्या, हे तिलाही कळलं नाही.

संध्याकाळी डबा रिकामा आला, कालव्यात धुतलेला. तळाला बारीक लाल गाळ होता. तिनं तो तीनदा घासला. मग ओट्यावरची पाकिटं पुन्हा मोजली. पाळीचे अठरा दिवस उरले होते आणि ‘कुं’ची पाकिटं अकरा. त्यानंतर ‘बु’ला हात लावावा लागणार होता.