रुमालाखालची बोटं

घाटात दरड कोसळली आणि मी बकऱ्यांच्या टेम्पोसकट अडकलो, त्या दिवशी दादाने माझी वाट न पाहता वडिलांना अग्नी दिला. तेव्हापासून मी गणपतीला गावी, कुडपणला गेलो नाही. दोन शेळ्यांपासून धंदा उभा केला, पोलादपुरात घर बांधलं, पण तो राग काही सोडला नाही. शेवटी बायको आणि वहिनी यांनी आपसात ठरवलं आणि दोन्ही घरं एका जीपमध्ये कोंबून जंजिरा बघायला काढली.

दिघीच्या जेट्टीवर माझी होडीवाल्याशी घासाघीस चालली होती. गडी भावात खाली येतच होता, तेवढ्यात दादाने त्याने मागितले तेवढे पैसे देऊन टाकले.

"तुजा सौदा होईस्तोवर भरती यायची," तो म्हणाला.

"तुला कधी थांबता आलंय? बापाला न्यायच्या वेळी तरी थांबलास?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

होडीत मी दादाकडे पाठ करून बसलो. मग किल्ल्यात फिरलो. पडका वाडा, गोड्या पाण्याचं तळं, उन्हात तापलेल्या तोफा, सगळं पाहिलं. पण पाय नुसते ओढत होतो. पूर्वी भांडलो की अंगात जोर यायचा. आता भांडण झालं की बसावंसं वाटतं.

दुपारी दिवेआगरला आलो. बायका-मुलं पाण्यात गेली, मी सुरूखाली टेकलो. दादा शेजारी येऊन बसला.

"त्या दिवशी पाऊस उघडत नव्हता रे. लाकडं भिजत चालली होती. गाववाले बोलले, आता नाय तर मग नाय."

हे मला ठाऊक होतं. गावातल्या दहा जणांनी सांगितलं होतं. त्याने कधी सांगितलं नव्हतं.

त्याने गळ्यातला रुमाल काढून माझ्या हातावर टाकला. गुरांच्या बाजारात आकडा तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची तितकी बोटं धरतात. वडिलांनी आम्हा दोघांना ते एकदमच शिकवलं होतं.

"गणपतीला," एवढंच बोलून त्याने माझी पाचही बोटं धरली. आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो.

सौदा नको असेल तर हात काढून घ्यायचा, आकडा पटला तर तेवढीच बोटं परत धरायची. मी काढला नाही. त्याचं एक बोट धरलं, एकच दिवस.

"मेल्या, आरती घेऊन पळणार काय?" दादा म्हणाला.

वहिनी ओल्या पदराने आली. "काय भावजी, दादाला बकरा विकताय?"

"तोच मला विकत घेतोय."

"मग घरी जाऊन घ्या. अंधाराच्या आत पोचायचंय, उठा."

दादाने तीन बोटं दाबली. मी ताणलं असतं तर दोनावर आला असता. जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"थांब गो, सौदा व्हायचाय," दादा वहिनीला म्हणाला आणि जागचा हलला नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. तरी तो बसूनच. मग मी त्याची तीन बोटं धरली.