कोयत्याचं पोट

"लोखंडच रद्दी होतं, मम्मी! एक सुकं लाकूड फोडलं आणि धारेचे तुकडे उडाले," केनेथने कोयता टेबलावर आपटला. सुट्टीच्या दिवशी तो लोकांना येऊरच्या बाजूला तंबूत राहायला न्यायचा. या वेळी निघण्याआधी त्याने कोयत्याचं पातं मशीनवर घासून, आपल्या महागड्या सुरीसारखं धारेपर्यंत सपाट केलं होतं.

"चाळीस वर्षं नाही उडाले ते," एमिलिया म्हणाली. "सुरीनं मासा कापायचा, म्हणून ती पातळ. कोयत्यानं घाव घालायचा. त्याच्या धारेमागं जाड पोट ठेवावं लागतं, मार तेच सोसतं. तू पोटच खरवडून टाकलंस."

"तुला काय कळतंय त्यातलं? धार लावावी ती पप्पांनीच. वर्तकनगरपर्यंत नाव होतं त्यांचं."

सून स्वीडल हसली. "मम्मी, तुम्ही यूट्यूबवर शिकवा आता."

केनेथ तिसरीत असतानाच त्याच्या बापाचे, ऑस्वल्डचे, हात थरथरायला लागले होते. तेव्हापासून ऑस्वल्ड वारेपर्यंत मागच्या पडवीत धारेच्या दगडावर कोयते घासत एमिलिया बसायची आणि पुढच्या दारात ऑस्वल्ड लोकांच्या हाती कोयते द्यायचा. पोराच्या नजरेत बाप उतरू नये म्हणून तिनेच ही गोष्ट कधी बाहेर फुटू दिली नव्हती. आता सांगून तरी कोण खरं मानणार होतं?

तिने दगड गोणपाटात गुंडाळला आणि आपल्या खाटेखाली सारला.

"आजपासून या घरात मी कशालाच धार लावणार नाही. मासळीची सुरीसुद्धा तुमची तुम्ही बघा."