लाकडं फोडायचं यंत्र

गवत कापायच्या यंत्राचं पातं घ्यायला मी तालुक्याच्या गावी शेती अवजारांच्या दुकानात गेलो होतो. तिथे एक वयस्कर जोडपं लाकडं फोडायचं हायड्रॉलिक यंत्र बघत होतं. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आता कुऱ्हाड उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावल्याचं ते दुकानदाराला सांगत होते. घरी चुलीला आणि बंबाला लाकूड लागायचंच. त्यांचा डोळा इंजिनाच्या थोरल्या यंत्रावर होता.

काकू मात्र विजेवर चालणाऱ्या लहान यंत्रापाशी थांबल्या. "हे मला एकटीला चालवता येईल का?" त्यांनी विचारलं.

"एकटीला कशाला? मी आहे की," काका म्हणाले.

काकू त्या लहान यंत्राचे दांडे चाचपून बघू लागल्या. संसार मांडताना वस्तू घेतो, तेव्हा ती किती जणांना पुरेल ते आपण बघतो. पुढे कधीतरी, मागे राहणाऱ्याला ती झेपेल का, तेही बघावं लागतं. ते कुणी मोठ्याने म्हणत नाही, एवढंच.

दुकानदाराने त्या लहान यंत्रावर आंब्याचा ओंडका उभा केला. काकूंनी दोन्ही हातांनी दांडे दाबले. घाव नाही, दणका नाही. पोलादी पाचर सावकाश खाली आली आणि ओंडका करकरत दुभंगला. काका सवयीने मदतीला पुढे झाले, तसं दुकानदाराने त्यांना अडवलं.

"काका, यंत्रापाशी एकानेच उभं राहायचं असतं."

काका मागे सरले. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, "अजून एक फोड बघू."